जुन्या तलवारीची पारख



२९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथील सोथबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीस निघाली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती विकत घेतली. वाहतूक, विमा वगैरे सर्व खर्च धरून तिला सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये पडले. त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी ती मुंबईस पोचली, तिची मिरवणूक निघाली, प्रदर्शन भरले. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची ती तलवार, असे विक्रेत्यांनी म्हटले होते आणि शासनानेही तसेच मानले. ज्या रघूजींना छत्रपती शाहूमहाराजांनी सेनासाहेबसुभा हा किताब दिला, ज्यांनी १७४१ साली त्रिचनापल्ली घेतली आणि ज्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांमुळे १७५१ च्या तहात ओरिसा मराठ्यांच्या हाती आला, त्या पुरुषाची तलवार परत आली याचा आनंद महाराष्ट्राला झाला, हे योग्यच झाले.

पण या हकिगतीतील एक बारीकसा तपशील माझ्या मनात घर करून राहिला आहे. ही तलवार लिलावात निघणार ही बातमी शासनापर्यंत पोचली ती लिलावाच्या अवघा एक दिवस आधी. म्हणजे घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर कितीपर्यंत, हे एका दिवसात ठरवावयाचे होते. वस्तू सात समुद्रांपलीकडे, पैसा जनतेचा आणि प्रश्न इतिहासाचा. अशा वेळी पारख करायची म्हणजे नेमके काय पाहायचे, हाच माझा आजचा विषय आहे.

हा विषय केवळ सरकारचा आहे असे कोणी समजू नये. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावर, देव्हाऱ्यामागे किंवा दसऱ्याच्या पूजेपुरती बाहेर निघणारी एखादी जुनी तलवार असते. घर पाडताना ती भंगारवाल्याकडे जाते आणि तराजूत वजनाने विकली जाते. उलट एखादा हौशी गृहस्थ बाजारात कालपरवा घडवलेली तलवार 'शिवकालीन' म्हणून हजारो रुपये मोजून घरी आणतो. या दोन्ही ठिकाणी नुकसान होते ते पारख नसल्यामुळे. पहिल्या ठिकाणी खरे मातीमोल होते आणि दुसऱ्या ठिकाणी खोट्याचे सोने होते.

माझा व्यवसाय शस्त्रांचा नाही. मी कामगार संघटनेचा माणूस. परंतु कामगार न्यायालयात तीस वर्षे जाऊन येऊन पुराव्याविषयी एक गोष्ट मी शिकलो. ज्याच्या ताब्यात हजेरीपत्रक असते, त्याच्या बाजूने कागद बोलतो. हजेरीपत्रकावर नाव नाही म्हणून माणसाने काम केलेच नाही, असे शपथेवर सांगणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून कागदाला विचारण्याआधी कामाला विचारावे, ही सवय लागली. जुन्या तलवारींविषयी वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, तेथील जाणकारांचीही रीत हीच आहे.

तलवारीच्या बाबतीत साक्षीदार चार: पाते, मूठ, नाव आणि कागद. हे चौघे एकाच काळचे असतील असे मुळीच नाही. म्हणून चौघांची साक्ष वेगवेगळी घ्यावी आणि मगच एकमेकांशी ताडून पाहावी.

पहिला साक्षीदार पाते. रघूजींच्या तलवारीचे पाते सरळ व एकधारी असून ते युरोपात घडलेले आहे. हे ऐकून काही मंडळी हिरमुसली होतात. मराठ्यांची तलवार आणि पाते मात्र गोऱ्यांचे! पण यात कमीपणा काहीच नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांमार्फत युरोपीय पाती कोकणच्या किनाऱ्यावर उतरत आणि घाट चढून दख्खनमध्ये येत. जर्मनीतील सोलिंगन, स्पेनमधील टोलेडो, उत्तर इटलीतील गावे ही त्या मालाची माहेरघरे. अशा पात्यावर आपल्याकडची मूठ चढवली की तिला 'फिरंग' म्हणत. मराठे घोडेस्वारांना हे लांब, सरळ, लवचिक पाते आवडे. अठराव्या शतकातील मराठा सरदार जगाच्या बाजारातून हवे ते निवडून घेत होता, इतकाच याचा अर्थ.

परंतु चांगल्या मालाची नक्कलही तितकीच होते. जर्मनीतील पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. तिचा लौकिक झाल्यावर ती इतर गावच्या कारागिरांनीही उचलली. इटलीतील आंद्रेया फेरारा या कारागिराचे नाव तर त्याच्या मृत्यूनंतर कित्येक पिढ्या दुसऱ्यांच्या पात्यांवर कोरले जात होते. इराणातील इस्फहानच्या असदुल्ला या उस्तादाची सही असलेली पाती जगात इतकी आहेत की, एका माणसाला ती चार जन्मांतही घडवता आली नसती. म्हणजे पात्यावरची खूण हा पुरावा नव्हे. तो फक्त दावा आहे.

मग पाते स्वतः काय सांगते? देशी पोलादाच्या चांगल्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या शिरांसारखी बारीक रेषा दिसते. तिला जौहर म्हणतात. ही नक्षी वरून काढलेली नसते. ती पोलादाच्या पोटातून आलेली असते. बंद मुशीत लोखंड वितळवून अगदी सावकाश थंड केले म्हणजे त्यातील कर्बाचे थर विशिष्ट रीतीने बसतात आणि पाते घडवून घासल्यावर ते डोळ्यांना दिसतात. या पोलादाचे एक मोठे केंद्र आपल्यापासून फार लांब नव्हते. नांदेडच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम् नावाचे गाव आहे. तेथील मुशींच्या भट्ट्यांचे डॉ. व्हॉयसी या इंग्रज संशोधकाने केलेले वर्णन १८३२ साली छापले गेले. पोलादाच्या वड्या विकत घेण्यासाठी थेट इस्फहानचे व्यापारी त्या खेड्यात येत, असे त्यात नमूद आहे. १९४८ पर्यंत आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, त्याच संस्थानातले हे गाव. 'दमास्कसची तलवार' म्हणून जगभर मिरवले गेलेले पोलाद आपल्या शेजारच्या खेड्यातील लोहारांच्या घामातून निघत होते, हे आपल्या किती शाळांत शिकवले जाते?

हा जौहर आजकाल तेजाबाने खोटा काढतात. खोट्या नक्षीची रेघ एकसारखी, ठसा मारल्यासारखी येते आणि घासले की पुसट होते. खरी रेघ खालच्या थरातही तशीच निघते. अर्थात विकत घेण्याआधी कोणी कोणाची तलवार घासून पाहू देणार नाही, आणि पाहूही नये. म्हणून डोळ्यांना दिसते तेवढे नीट पाहावे. पाठीची रेषा सरळ आहे का? मधली खोबण दोन्ही बाजूंना सारखी उतरली आहे का? शिकलगाराने वर्षानुवर्षे धार लावून पाते झिजवले असेल तर ती झीज सर्वत्र पटण्यासारखी आहे का? खाचा पडल्या असतील तर त्या धारेवर, घाव झेलावा तिथे आहेत, की शोभेसाठी कोठेही मारलेल्या आहेत? गंज जुना असेल तर तो काळपट, दाट व पृष्ठभागाशी एकजीव झालेला असतो. कालचा गंज तांबडा आणि भुसभुशीत असतो. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या फोर्जिंग कारखान्यातील जुन्या कामगाराला हे सारे सांगावे लागत नाही. पोलादाला पाणी दिले म्हणजे काय होते, हे तो रंगावरून ओळखतो. पुस्तकी तज्ज्ञाच्या शेजारी असा एखादा माणूस उभा केला तर पारखीचे बरेचसे काम सोपे होईल, असे माझे मत आहे.

दुसरा साक्षीदार मूठ. आपल्याकडची मूठ पात्यावर लाख किंवा राळ भरून बसवलेली असते. पात्याचा मुठीत शिरणारा भाग त्या लाखेत बुडालेला, म्हणून तो सहसा पाहता येत नाही. लाख ऊब दिली की सुटते, त्यामुळे मूठ बदलणे सोपे होते आणि ती वारंवार बदललीही जाई. आजोबांचे पाते, बापाची मूठ आणि नातवाचे म्यान असा संसार कितीतरी तलवारींनी केला आहे. त्यात लबाडी नव्हती. ती वापरातल्या हत्याराची दुरुस्ती होती. आपण कुऱ्हाडीचा दांडा बदलतो, तसेच ते. पण घेणाऱ्याने मुठीचे वय पात्याला आणि पात्याचे वय मुठीला लावू नये. रघूजींच्या तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची आहे. मुल्हेर हे बागलाणातले. तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम आहे. म्हणजे एका हत्यारात युरोपचा लोहार आणि दख्खनचा कारागीर असे दोन देशांतले हात एकत्र आले आहेत.

तिसरा साक्षीदार नाव. या तलवारीवर सोन्यात देवनागरी लेख आहे: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. मराठा शस्त्रांवर असे नाव क्वचितच सापडते, त्यामुळे या लेखाचे मोल मोठे आहे. पण हाच लेख नीट वाचला तर एक प्रश्नही उभा राहतो. नागपूरच्या गादीवर रघूजी नावाचे तीन पुरुष होऊन गेले. पहिले रघूजी १७५५ साली वारले. दुसरे रघूजी १८१६ पर्यंत होते. १८०३ साली आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील आसईच्या रणांगणावर शिंद्यांच्या सोबतीला होते ते हे. तिसरे रघूजी १८५३ साली वारले आणि त्यांच्यामागे डलहौसीने राज्य खालसा केले. सेनासाहेबसुभा हा किताब पहिल्या रघूजींनंतर जानोजींकडे आणि पुढे दुसऱ्या रघूजींकडेही आला. तेव्हा नाव आणि किताब एवढ्यावरून पहिले की दुसरे, याचा निकाल लागत नाही. तो लावायचा तर पात्याचे वय, मुठीचा घाट, नक्षीची शैली, अक्षरांचे वळण, सोन्याची झीज, या साऱ्यांची साक्ष लागते. शासनाने मानले ते चूक आहे असे मला म्हणावयाचे नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, नाव वाचता आले म्हणजे पारख झाली असे नव्हे. नाव वाचल्यावर पारखीला सुरुवात होते.

नावामुळे किंमत कशी फिरते तेही पाहा. २०२३ च्या मे महिन्यात लंडनच्या बोनहॅम्स या लिलावगृहात टिपू सुलतानाच्या शयनगृहातील म्हणून ओळखली जाणारी तलवार सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ती जनरल बेअर्ड याला देण्यात आली होती. इतका पैसा कोणी पोलादाला देत नाही. तो टिपूच्या नावाला आणि त्या नावामागच्या अखंड हकिगतीला मिळाला. जेथे नावाला एवढी किंमत, तेथे खोटी नावे निघणारच.

आणि म्हणून चौथा साक्षीदार कागद. ही वस्तू कोणाकडून कोणाकडे, केव्हा, कशी गेली याची साखळी. रघूजींची तलवार नागपुराहून लंडनला कशी पोचली? नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला, त्या वेळच्या लुटीत ती गेली असावी, असा कयास आहे. पुढे राज्य खालसा झाल्यावर कंपनी सरकारने भोसल्यांच्या वाड्यातील हत्ती, घोडे, जडजवाहीर यांचा जाहीर लिलाव केला, हाही इतिहास आहे. पण कयास आणि साखळी यांत फरक असतो, आणि तो फरक पाटीवर लिहिण्याचे धैर्य हवे. या बाबतीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे उदाहरण घ्यावे. २०२४ च्या जुलैत साताऱ्याला तीन वर्षांच्या मुदतीने आलेली वाघनखे त्या संग्रहालयाची. इतिहासकार ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती त्यांना मिळाली. परंतु अफझलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखे हीच, हे पडताळून पाहणे शक्य झालेले नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. आपल्या मालाची अशी उणीव स्वतः सांगणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडूनच माल घ्यावा.

चोख कागदाचा एक नमुना आपल्याच शहराशी जोडलेला आहे. आपण नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला जातो. तो कर्णपुरा बिकानेरचे राजे कर्णसिंह यांच्या नावाचा. मोगलांच्या चाकरीत ते येथे राहिले. त्यांचे पुत्र अनुपसिंह हेही दख्खनमध्येच होते आणि आदोनीचा किल्ला पडल्यावर तेथील शस्त्रे त्यांनी बिकानेरला नेली. त्या शस्त्रांवर बारीक टिंबांनी ठोकून, कोणत्या ठिकाणाहून आणि कोणत्या संवतात ते हत्यार कोठीत आले, याची नोंद केलेली आढळते. संवत १७४६, म्हणजे इसवी सन १६८९, हे वर्ष त्यांत दिसते. ती सोन्याची अक्षरे नव्हेत, आणि कोणाच्या पराक्रमाची ग्वाहीही देत नाहीत. कोठारातील एखाद्या कारकुनाने केलेली ती साधी टिंबे आहेत. पण आज दख्खनी शस्त्रांचा काळ ठरवताना जगभरचे अभ्यासक ती प्रमाण मानतात. इतिहासाला मोठ्या गर्जनेपेक्षा अशी लहानशी नोंद अधिक उपयोगी पडते.

आता थोडे दूर, जपानकडे वळू. तलवारीच्या पारखीचे शास्त्र ज्या देशाने सर्वांत पुढे नेले तो हा देश. आणि त्याचा आपल्याशी संबंधही आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मराठा पलटणी लढल्या. १९४४ च्या मार्चमध्ये सांगशाकच्या लढाईत चौथी मराठा पलटण होती. १९४५ साली जपान शरण आला तेव्हा प्रत्येक जपानी अधिकाऱ्याने आपली तलवार खाली ठेवलीच पाहिजे, असा माउंटबॅटन यांचा आग्रह होता. त्या तलवारी आठवण म्हणून विजयी सैन्यातील लोकांच्या हाती आल्या आणि अनेक देशांत पांगल्या. आज बाजारात 'सामुराईची तलवार' म्हणून जी येते, ती बहुतेक वेळा या मार्गाने आलेली असते.

ती घेताना काय पाहावे? जपानी तलवारीची मूठ लाखेने बसवत नाहीत. बांबूची एक खुंटी काढली की मूठ निघते आणि आतला पात्याचा भाग उघडा पडतो. जाणत्या माणसाकडून ती काढवावी. खरी साक्ष तेथे असते. त्या भागावर घडवणाऱ्या लोहाराने आपले नाव, गाव, कधी वर्षही कोरलेले असते. तेथील गंज जपानी लोक कधीही साफ करत नाहीत, कारण तो शतकांचा हिशेब असतो. पण युद्धकाळात कारखान्यांत झपाट्याने हजारो तलवारी निघाल्या. त्यांच्यावर त्याच जागी लहानसा ठसा असतो आणि पोलादाला पाण्याऐवजी तेल दिलेले असते. त्या खोट्या नव्हेत, पण जुन्याही नव्हेत. उलट काही अधिकाऱ्यांनी घराण्यातले तीनचारशे वर्षांचे पाते लष्करी मुठीत बसवून नेले होते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आत पाहिल्याशिवाय जो भाव ठरवतो तो स्वतःलाच फसवतो.

जपानी लोहार पाणी देण्यापूर्वी पात्यावर मातीचा लेप देतो. पाठीवर जाड, धारेवर पातळ. तापवून पाण्यात घातले की धार एकदम थंड होऊन कठीण होते आणि पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. या दोन भागांच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ उमटते तिला हामोन म्हणतात. ती प्रत्येक लोहाराची, प्रत्येक घराण्याची वेगळी. म्हणून जपानात पारखीच्या बैठका भरतात त्या मोठ्या मौजेच्या असतात. तलवारीचा नाव असलेला भाग झाकून ठेवतात आणि जमलेल्या मंडळींनी आकार, पोलादाचा पोत आणि ही रेघ यांवरून लोहार ओळखायचा. आधी काम पाहायचे, नाव मागाहून. ही सवय त्यांना लावून घ्यावी लागली, कारण खोट्या सह्यांचा सुळसुळाट तिथेही झाला होता. सतराव्या शतकातील कोतेत्सु या लोहाराच्या नावावर खपवलेल्या तलवारी असंख्य आहेत. आणि सर्वांत थोर मानला गेलेला मासामुने हा तर बहुधा सहीच करीत नसे. होन्नामी नावाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच पारखीचे काम केले. मोठी तलवार छाटून आखूड करताना लोहाराची सही निघून जाई. तेव्हा होन्नामी आपल्या निर्णयाप्रमाणे त्या लोहाराचे नाव सोन्याने जडवून देत.

येथे क्षणभर थांबावे. आपल्याकडेही सोन्याची अक्षरे आहेत आणि तिकडेही आहेत. आपली अक्षरे सांगतात की तलवार कोणाची होती. त्यांची अक्षरे सांगतात की ती कोणी घडवली.

मला हा फरक लहान वाटत नाही. जपानात जातिभेद नव्हता, सरदारांचा जुलूम नव्हता, असे मी म्हणत नाही; होता. तलवार घडवणारा तिथेही मालकाच्या अन्नावरच जगत होता. पण त्याचे नाव उरले. नाव उरले म्हणून शैली ओळखता आली, शैली ओळखता आली म्हणून विद्या टिकली. १८७६ साली सरकारने तलवार लावून बाहेर फिरण्यास बंदी केली, १९४५ नंतर परकी सैन्याने शस्त्रे जप्त केली, तरीही १९४८ साली तेथील जाणकारांनी संस्था स्थापून उरलेल्या तलवारींची नोंद व पारख सुरू केली आणि १९७७ साली जुन्या पद्धतीची पोलादाची भट्टी पुन्हा पेटवली. आजही तेथे लोहार परंपरेने पाते घडवतो आणि त्यावर सही करतो. आपल्याकडे कोनसमुद्रम्‌च्या भट्ट्या विझल्या. आपला लोहार, घिसाडी, शिकलगार, म्यान शिवणारा जिनगर हे पोटासाठी विळे-खुरपी करत गावोगाव फिरले. कोणत्या उस्तादाने काय घडवले याची नोंद नव्हती, म्हणून विद्या गेली तेव्हा काय गेले हेसुद्धा कोणाला सांगता आले नाही.

यावर कोणी म्हणेल की, इतिहास पराक्रमाचा असतो, लोहाराचा कसला? मी विचारतो, ज्या पात्याने पराक्रम केला त्याचा कस कोणाच्या हातातून आला? पराक्रमाला कमी लेखण्याचे मला कारण नाही. रघूजींचे नाव सोन्यात आहे ते असू द्यावे. माझे मागणे एवढेच की, संग्रहालयातील पाटीवर त्याखाली आणखी दोन ओळी याव्यात: पाते युरोपीय लोहाराचे, मूठ दख्खनी कारागिराची. त्याला पैसा लागत नाही. आणि पाहणाऱ्या पोराला, विशेषतः ज्याच्या घरी हातोडा आणि ऐरण आहे अशा पोराला, त्या काचेपलीकडे आपलाही कोणी पूर्वज उभा आहे हे कळेल.

शेवटी, ज्यांना प्रत्यक्ष व्यवहार करावयाचा आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय तलवार हे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे हत्यार आहे. २०१८ च्या मे महिन्यात आपल्याच शहरात घरपोच मागवलेल्या तलवारी आणि सुरे पोलिसांनी जप्त केले, हे आपण विसरलो नसू. तेव्हा घेण्याआधी पोलीस आयुक्तालयात लेखी विचारणा करावी आणि विक्रेत्याकडून नाव, पत्ता, वर्णन व छायाचित्र यांसह पावती घ्यावी. जो पावती देत नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नये. अशा वस्तू कधी कधी देवळातून किंवा गढीतून चोरीस गेलेल्या असतात.

दुसरी गोष्ट. घरी तलवार असेल तर ती चिंच, विटेची भुकटी किंवा तेजाब लावून चकचकीत करू नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसून हलका तेलाचा हात द्यावा, एवढे पुरे. चकचकीत करणारा माणूस पुरावा पुसून टाकतो.

तिसरी. विकण्यापूर्वी ती कोणाला तरी दाखवावी. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, आपल्या महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय आहे, विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे. आणि घरातील म्हाताऱ्या माणसाला ती कोठून आली हे विचारून वहीत लिहून ठेवावे, तारीख घालून. बिकानेरच्या त्या कारकुनाने टिंबे मारली नसती तर आज आपल्याला काय कळले असते?

चौथी आणि मुख्य. विक्रेता प्रथम नाव सांगतो. ही अमक्या सरदाराची, ती तमक्या राजाची. त्याला हात जोडून सांगावे की नाव जरा बाजूला ठेवा, आधी पाते दाखवा. पाते पाहावे, मग मूठ, मग लेख, मग कागद. चौघांची साक्ष जुळली तर नावाची किंमत द्यावी. न जुळल्यास पोलादाची आणि कारागिरीची जी किंमत होईल तेवढीच द्यावी, आणि तीही आनंदाने द्यावी. कारण चांगले काम कोणाचे होते हे न कळले तरी ते चांगलेच असते.

सरकारलाही हीच विनंती आहे. पुन्हा असा लिलाव निघेल, पुन्हा बातमी उशिरा येईल. त्या वेळी धावपळ करण्यापेक्षा आज जगभरच्या संग्रहांतील मराठा व दख्खनी वस्तूंची यादी करावी, लिलावगृहांच्या सूचीवर लक्ष ठेवणारी माणसे नेमावीत, आणि त्या माणसांत इतिहासाचा अभ्यासक, अक्षरांचा जाणकार आणि धातूचे काम हाताने केलेला एक कारागीर असे तिघेही असावेत. जनतेचा पैसा जेव्हा इतिहास विकत घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्यासोबत हे तीन डोळे पाठवणे हे आपले कर्तव्य आहे.